शू-रॅकजवळची खुर्ची

मिरा रोडला हाटकेशच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर डॉक्टर लीलाधर सबनीसांचा फ्लॅट होता. दारातून आत गेलं की डाव्या हाताला शू-रॅक, आणि शू-रॅकला चिकटून एक निळी प्लास्टिकची खुर्ची. पुढे हॉलमध्ये चांगला सोफा होता, पण त्याच्यावर विद्यार्थ्यानं बसायचं नाही. विद्यार्थ्यानं यायचं, चपला काढायच्या आणि त्या चपलांच्या शेजारी बसून सरांची वाट बघायची. सर आत काय करत असतील? काही नाही हो. पेपर वाचत असतील, नखं कापत असतील, कधी नुसतेच पलंगावर पाय सोडून बसले असतील. अनसूयाबाई, म्हणजे सरांच्या पत्नी, आत जाऊन सांगायच्या की सुचेता आलीय. "बसू दे," एवढं उत्तर यायचं, आणि ते बाहेर स्वच्छ ऐकू यायचं. मग पुढचा अर्धा-पाऊण तास सुचेता तांडेल घरातल्या झाडून सगळ्यांच्या चपलांचा वास घेत बसायची.

पीएचडी करायची म्हणून ती पाच वर्षं अशी बसली. वरसाव्याच्या अलीकडे घोडबंदर रोडवर एक इंजिनिअरिंग कॉलेज होतं, तिथे ती कॉम्प्युटर शिकवायची आणि सर त्याच कॉलेजात मानद प्राध्यापक होते. मानद म्हणजे काय, तर आठवड्यातून एकदा गाडीनं यायचं, प्रिन्सिपॉलच्या खोलीत चहा प्यायचा आणि गाडीनं परत जायचं. कॉलेजात त्यांना भेटायची सोय नव्हती. कामाचं काही असेल तर घरी यायचं, समक्ष यायचं, आणि येता येता गॅसचा नंबर लावून यायचं, नाहीतर विजेचं बिल भरून यायचं. त्यांच्याकडे पीएचडी करणाऱ्या प्रत्येकाला मिरा रोडच्या वीज कार्यालयातली रांग पाठ झाली होती. ज्ञानाची साधना म्हणतात ती हीच असावी.

बरं, माणूस नुसता विक्षिप्त असता तर कोणी सोडूनही दिलं असतं. पण या गृहस्थानं आपल्या सवयीचं शास्त्र केलं होतं.

त्याचं असं. पुष्कळ कॉम्प्युटर एकमेकांना निरोप पाठवून एखादं काम करतात, तेव्हा कोणी कोणाला काय कळवायचं आणि मग पुढे काय व्हायचं, हे साध्या भाषेत लिहायला गेलं की घोटाळे होतात. म्हणून ते गणितासारखं चिन्हांनी लिहायच्या पद्धती असतात. चिन्हांत नीट लिहिलं की हा कारभार पुढे कुठे अडकेल का, हे कागदावरच सिद्ध करता येतं. अशी एक पद्धत सरांनी १९८८ साली काढली. परदेशात दहा वर्षं आधीपासून तसलंच काही चाललेलं होतं, पण ते असो. तिचं नाव सबनीस नोटेशन. हे नाव त्यांनी स्वतःच ठेवलं, दुसरं कोणी ठेवील म्हणून वाट बघत बसले नाहीत. या पद्धतीत निरोप देणारा आणि घेणारा एकाच क्षणी समोरासमोर यायला हवेत. घेणारा हात पुढे करत नाही तोवर देणाऱ्यानं जागचं हलायचं नाही, दुसरं कुठलंही काम करायचं नाही. त्यासाठी सरांनी खास चिन्ह केलं होतं, एक उभी रेघ आणि तिच्या पायाशी टिंब. त्याचा अर्थ, थांब. सुचेता म्हणायची, रेघ म्हणजे सर आणि टिंब म्हणजे खुर्चीतली मी.

पद्धत खोटी नव्हती, हे तीही कबूल करायची. काही ठिकाणी कामाची होती. पण जग तिथेच थांबलं होतं का? लोक ईमेल करायला लागले, एसएमएस करायला लागले. निरोप सोडायचा आणि आपल्या कामाला लागायचं, पलीकडचा सवडीनं वाचेल. याला म्हणतात असिंक्रोनस मेसेज पासिंग. नाव मोठं आहे, पण भाईंदरच्या कोळीवाड्यातलं शेंबडं पोरही ते रोज करतं. शेजारच्या घरी निरोप ठेवतं आणि खेळायला पळतं. भानगड एवढीच की निघालेला निरोप पोचेपर्यंत वाटेत असतो, आणि वाटेत काय काय होईल याचा भरवसा नसतो. आधी निघालेला मागून पोचतो, मागून निघालेला पुढे जातो. सुचेताला हे वाटेतलं लिहायचं होतं. तिनं देणारा आणि घेणारा यांच्या मधे एक चौकट काढली आणि तिला नाव दिलं पेटी. देणारा पेटीत टाकतो आणि जातो. पेटीत या घटकेला काय काय पडलेलं असू शकेल, कुठल्या क्रमानं बाहेर येऊ शकेल, त्याचे नियम तिनं चिन्हांत बांधले आणि त्यांवरून सिद्धता केल्या. काम नवं होतं आणि चोख होतं. २००२ साली नाव नोंदवलं आणि २००६च्या दिवाळीत थिसिस लिहून तयार झाला.

नोंदणीची मुदत होती २००७च्या जूनअखेरपर्यंत. तोपर्यंत गाइडची, म्हणजे सरांची, सही होऊन थिसिस विद्यापीठात गेला तर ठीक, नाहीतर नोंदणी रद्द, आणि पाच वर्षांचं सगळं मुसळ केरात. पुन्हा नाव नोंदवा, पुन्हा पहिल्यापासून बसा खुर्चीत. ही एक सही तिला हवी होती.

दिवाळीनंतर तिनं थिसिस सरांपुढे धरला. सरांनी तो हातात न घेता टीपॉयकडे बोट दाखवलं. जानेवारीत ती गेली तेव्हा त्या टीपॉयवर, त्याच जागी, थिसिसवर चष्म्याचं घर ठेवलेलं होतं. फेब्रुवारीत गेली तेव्हा वर चण्याची वाटी होती. वाचलं का, असं विचारायची पद्धत नव्हती. मार्चमध्ये मात्र सर स्वतःच बोलले. त्यांनी पहिली चार पानं उलटली होती आणि त्यांच्या लक्षात आलं होतं की त्यात त्यांचं थांबायचं चिन्ह कुठेच नाही.

"तांडेल, तुझा देणारा थांबत का नाही?"

सुचेतानं समजावून सांगितलं. टँकरचं उदाहरण दिलं, कारण मिरा-भाईंदरमध्ये राहणाऱ्याला टँकर समजत नाही असं होत नाही. सोसायटीनं टँकर मागवला. मग नळाला पाणी आलं म्हणून नको कळवलं. मग पाणी गेलं म्हणून पुन्हा मागवला. या तीन निरोपांतला मधला उशिरा पोचला तर काय? किंवा दोघांनी दोनदा निरोप ठेवला तर? सरांनी डोळे मिटून ऐकलं. ते डोळे मिटून ऐकत, म्हणजे आपण विचार करतोय असं समोरच्याला वाटतं.

"माझ्या पद्धतीत असा टँकर येतच नाही," ते म्हणाले. "ज्याला चिन्ह नाही, ते घडत नाही."

आता योगायोग म्हणा, नाहीतर सरांचं नशीब म्हणा, त्याच वेळी खाली हॉर्न सुरू झाले. सुचेता खिडकीपाशी गेली. सोसायटीच्या गेटात एक टँकर अर्धा आत आणि दुसरा त्याच्या मागे रस्ता अडवून उभा. सेक्रेटरी महिपत गावकर आणि खजिनदार शहा, दोघांनीही एकमेकांना न विचारता पाणीवाल्याच्या पोराकडे निरोप ठेवला होता, आणि दोन्ही टँकर आता आपापले पाइप सोडून बसले होते. टाकी एक. शहा हिंदीत ओरडत होते, गावकर मराठीत, आणि दोन्ही ड्रायव्हर तंबाखू मळत होते. सुचेताला हसू आवरेना. सर उठले, खिडकीशी आले, खाली एक नजर टाकली आणि खिडकी लावून घेतली.

"ही अशिक्षित माणसं," ते म्हणाले, आणि मग निकाल सांगितला. सगळा थिसिस थांबण्याच्या चिन्हात पुन्हा लिहायचा. पेट्या काढून टाकायच्या. नाहीतर सही नाही.

म्हणजे काय सांगितलं, कळलं का? माशांवर पुस्तक लिहिलंय, त्यातलं पाणी तेवढं काढून टाक. आणि सुचेताला तिथे खिडकीशीच एक गोष्ट लख्ख कळली. सरांना तिचं काम चुकीचं वाटत नव्हतं. चूक दाखवायला समजावं लागतं, आणि समजायला चार पानांच्या पुढे जावं लागतं. त्यांना एवढंच सहन होत नव्हतं की आपली वाट न बघता कोणी पुढे जाऊ शकतं. मग तो कागदावरचा देणारा का असेना. तिला इतका संताप आला की जिने उतरताना चपला हातातच राहिल्या.

अनसूयाबाई मागोमाग दारापर्यंत आल्या होत्या. दुपारचे दोन वाजून गेले होते आणि त्या अजून जेवल्या नव्हत्या. सुचेतानं कधीही विचारलं तरी त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, यांचं झालं की बघू. आणि यांचं कधी व्हायचं? यांना हाक मारायची नाही, यांना मनात येईल तेव्हा हे ताटावर येणार. तोपर्यंत आमटी तीनदा गरम व्हायची. पस्तीस वर्षं त्या बाईनं गरम जेवण फक्त वाढलं होतं.

घरी येऊन सुचेतानं आईला सगळं सांगितलं. आई, शालूबाय, जुन्या भाईंदरातली कोळीण, वय झाल्यामुळे आता बाजारात बसत नव्हती, पण तोंड बाजारातलंच राहिलं होतं. तिनं कोळंबी सोलता सोलता ऐकून घेतलं.

"तुजा सर काय देव हाय का गो?" ती म्हणाली. "देव तरी देवलात गेल्याव लगेच दिसतो."

देवाबद्दल तिला अधिक काही म्हणायचं नव्हतं. सरांबद्दल बरंच म्हणाली, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्याच आठवड्यात सुचेतानं पहिल्यांदा सरांना न विचारता एक गोष्ट केली. थिसिसमधलं मुख्य प्रकरण निबंधासारखं आवरून बंगळूरच्या एका परिषदेकडे ईमेलनं पाठवून दिलं. नियमानं गाइडचं नाव आधी घालायचं असतं, गाइडनं अक्षर वाचलेलं नसलं तरी. तिनं घातलं नाही. पाठवलं आणि कामाला लागली. एप्रिलच्या अखेरीस उत्तर आलं, निबंध घेतला होता. त्याखाली परीक्षकांपैकी एका बाईंनी आपलं नाव घालून स्वतंत्र चार ओळी लिहिल्या होत्या. डॉक्टर समिधा कारखानीस, याच विद्यापीठाच्या, चर्चगेटच्या बाजूच्या एका कॉलेजात. त्यांनी पेटीच्या तिसऱ्या नियमातली एक फट बरोब्बर दाखवली होती आणि ती कशी बुजवता येईल हेही सुचवलं होतं. सुचेतानं ते वाचलं आणि तिला रडू आलं. पाच वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी तिसऱ्या नियमापर्यंत पोचलं होतं.

ती कारखानीसबाईंना जाऊन भेटली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, गाइड बदल. माझ्याकडे ये, थिसिस तयारच आहे, मी सही करते. विद्यापीठात त्याची रीत अशी होती की विद्यार्थ्यानं अर्ज करायचा, विद्यापीठानं जुन्या गाइडला कळवायचं, आणि त्यांची हरकत असेल तर त्यांनी तीन आठवड्यांत तसं सांगायचं. सांगितलं तर प्रकरण समितीपुढे जाणार, आणि समिती म्हणजे दिवाळीपर्यंत निश्चिंती. म्हणजे जूनची मुदत गेलीच. काहीच आलं नाही, तर संमती आहे असं धरायचं. आणि हल्ली हे सगळं विद्यापीठ ईमेलनं कळवत होतं, नवी सुधारणा होती ती.

सुचेतानं मेच्या दुसऱ्या आठवड्यात अर्ज केला. दुसऱ्याच दिवशी विद्यापीठातून सरांना मेल गेला.

आता सरांच्या ईमेलची कथा. कॉलेजनं सगळ्या प्राध्यापकांना पत्ते दिले तेव्हा सरांनाही दिला. ऑफिसातली पिंकी सुरुवातीला त्यांचे मेल छापून प्रिन्सिपॉलच्या खोलीत त्यांच्या पुढ्यात ठेवायची. एकदा सर तिच्यावर उखडले. मी विचारलं होतं का तुला? मी मागितलं का? ज्याला माझ्याशी काम आहे तो माझ्याकडे येईल, असले कागद मी वाचत नाही. पिंकीनं हिंदीत "जैसी आपकी मर्जी" म्हटलं आणि त्या दिवसापासून छापणं बंद केलं. तिचं काय जातंय? तेव्हापासून सरांच्या त्या पेटीत साडेतीन वर्षांचे मेल न उघडता पडून होते. परिपत्रकं, आमंत्रणं, परदेशातल्या एका माणसाची सबनीस नोटेशनबद्दलची आदरानं विचारलेली शंकासुद्धा. आयुष्यात एकदा कोणीतरी आदरानं विचारलं, तेही वाया.

या ढिगावर विद्यापीठाचा मेल जाऊन पडला.

पहिला आठवडा सुचेता नुसते दिवस मोजत होती. दुसऱ्यात तिचं मन तिला खायला लागलं. सरांना माहीतच नाही आणि आपण गप्प बसलोय, हे बरोबर आहे का? पाठवणारी ती नव्हती, विद्यापीठ होतं. पण सर उघडणार नाहीत हे तिला ठाऊक होतं, आणि ठाऊक असून गप्प बसणं तिला आवडेना. उद्या हा माणूस म्हणेल, मागच्या दारानं पळाली. समोर जाऊन सांगावं, तर ते त्याच पावली हरकतीचं पत्र लिहितील आणि सगळं संपेल. आई म्हणाली, जाऊ नको, त्यानं तुला कवा काय सांगितलं, म्हणून तू त्याला सांगतेस? कोळीवाड्यातला न्याय हा असाच, उधारी नाही.

तेवढ्यात अनसूयाबाईंचा फोन आला. सर विचारतायत, तांडेल आली नाही बऱ्याच दिवसांत. गॅसचा नंबर लावायचा राहिलाय.

मग तिनं ठरवलं.

"काकू, सरांना माझा एक निरोप द्याल? कॉलेजच्या ईमेलवर विद्यापीठाकडून त्यांना माझ्याबद्दल आलंय. महत्त्वाचं आहे. तेवढं बघा म्हणावं."

काकूंनी फोन हातात धरूनच आत जाऊन सांगितलं. सुचेताला सगळं ऐकू येत होतं. तिच्या थिसिसचं काय व्हायचं ते आता या एका उत्तरावर होतं, आणि तिनं ते आपणहून ओढवून घेतलं होतं. पलीकडे पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला.

"ईमेल बघा म्हणे," सर म्हणाले. "तिला म्हणावं, पाय मोडलेत का? काम असेल तर येईल आणि बसेल."

काकूंनी फोनवर येऊन सांगितलं, ऐकलंस ना गं. सुचेता म्हणाली, ऐकलं. फोन ठेवून ती जी हसली ती आई बाहेर येऊन बघेपर्यंत हसत होती. मनातलं किल्मिष साफ धुऊन निघालं. पेटीत निरोप होता, पेटीत निरोप आहे हा वेगळा निरोप घरपोच झाला होता, तरी घेणारा हात पुढे करायला तयार नव्हता, कारण देणारी चपलांपाशी येऊन बसली नव्हती. आता याला कोण काय करणार? आपण होऊन गळ्यात दोरी घालून घेणाऱ्याला नुसतं सावध करता येतं.

तीन आठवडे झाले. काहीच आलं नाही. विद्यापीठानं संमती धरली, कारखानीसबाईंनी सही केली, आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यात थिसिस जमा झाला, सगळ्या पेट्यांसकट.

सरांना कळलं ते जुलैत, तेही प्रिन्सिपॉलच्या चहात. मग काय विचारता. विद्यापीठात गेले, समक्ष, टॅक्सीनं. तिथल्या कारकुनानं त्यांना बाकावर बसवलं, साहेब जेवायला गेलेत म्हणाला. सर बसले. साहेब आल्यावर त्यांनी टेबलावर मूठ आपटून सांगितलं की मला काहीही मिळालेलं नाही. कारकुनानं पडदा त्यांच्याकडे वळवून दाखवलं की मेल गेलाय, पोचलाय, परत आलेला नाही. मी उघडलेला नाही म्हणजे मिळालेला नाही, असा सरांचा सिद्धांत होता, आणि सबनीस नोटेशनमध्ये तो अगदी बिनचूक होता. दुर्दैवानं विद्यापीठ सबनीस नोटेशनमध्ये चालत नव्हतं. ही हकीकत कॉलेजभर झाली. पिंकीनं ती तीन भाषांत सांगितली.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत तोंडी परीक्षा झाली. बाहेरच्या परीक्षकांनी दीड तास प्रश्न विचारले, सगळे वाचून विचारलेले. सुचेता डॉक्टर झाली. कोळीवाड्यात शालूबायनं पेढे वाटले आणि प्रत्येक दारात सांगितलं की आमची पोर डॉक्टर झाली, पण सुई न्हाय मारत.

एक पुडा उरला. आई म्हणाली, तो तुज्या सराला नेऊन दे. सुचेतानं वर बघितलं. आईच्या डोळ्यांत दया-माया काही नव्हती, उलट चांगलाच मिश्कीलपणा होता. पण सुचेताला ते पटलं. पाच वर्षं ज्या दारात बसलो त्या दारात एकदा उभं राहून यायला हवं होतं, तिला स्वतःसाठी. आणि खरं सांगायचं तर सरांचं तोंडही बघायचं होतं.

ती हाटकेशला गेली. दोन जिने चढली. काकूंनी दार उघडलं आणि त्यांचा चेहरा एकदम फुलला. त्यांनी तिचे दोन्ही हात धरले. दुपारचे दोन झाले होते. स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येत होता आणि टेबलावर दोन ताटं उपडी घातलेली होती. काकूंनी आत जाऊन सांगितलं, सुचेता आलीय, पेढे घेऊन आलीय.

आतून मग खाकरल्याचा आवाज आला.

"बसू दे."

सुचेतानं खुर्चीकडे बघितलं. तीच निळी खुर्ची, डाव्या हाताजवळ तडा गेलेली. तिला वाटलं होतं की आपल्याला राग येईल, नाहीतर हसू तरी येईल. दोन्ही आलं नाही. सरांचं तोंड बघायचं होतं तेही एकदम नकोसं झालं. काय बघायचंय त्यात? तिनं पेढ्यांचा पुडा शू-रॅकवर ठेवला, सरांच्या कोल्हापुरीच्या वरच्या फळीवर. चपला तिनं काढलेल्याच नव्हत्या.

"काकू, येते मी," ती म्हणाली.

"अगं, ते येतायत."

"येऊ देत. मी ठेवलेत इथे."

आणि ती जिना उतरून गेली. मागे दार लागल्याचा आवाज आला नाही. काकू बराच वेळ तशाच उभ्या असाव्यात.

संध्याकाळी सुचेता पेपर तपासत बसली होती तेव्हा फोन वाजला. अनसूयाबाई होत्या. आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण शब्द भरभर येत होते. त्यांनी सांगितलं की सर तब्बल पाऊण तासानं बाहेर आले. बाहेर जायचा सदरा घालून, केस विंचरून. खुर्चीपाशी येऊन उभे राहिले. खुर्ची रिकामी. मग त्यांनी शू-रॅककडे बघितलं, पुन्हा खुर्चीकडे बघितलं.

"मला म्हणाले, गेली? मी म्हटलं, गेली. म्हणाले, मला न भेटता? मी म्हटलं, हो, तुम्हाला न भेटता." काकू पुढे म्हणाल्या, "मग तिथेच बसले गं ते. त्या खुर्चीत. मला वाटतं, तू परत येशील असं त्यांना वाटत होतं."

इतकी वर्षं मनात साठवलेली टोचून बोलायची वाक्यं होती, त्यातलं एकही या बाईला ऐकवण्यासारखं नव्हतं. म्हणून तिनं साधंच विचारलं, सरांनी पेढा खाल्ला का?

"त्यांचं मला ठाऊक नाही," अनसूयाबाई म्हणाल्या. "मी खाल्ला. दोन खाल्ले. आणि मग ताट वाढून घेतलं आणि जेवले. ते बाहेर यायच्या आधी."